ड्रोन फवारणीतल्या चुका: उडवताना कमी, बादलीत जास्त

सीझन लागला की माझा फोन वाजायला लागतो आणि दहातले आठ फोन एकाच छापाचे. "दादा, ड्रोननं मारलं पण रिझल्टच नाही." नाहीतर "दादा, पानं करपली, शेतकरी घरी येऊन बसलाय." ड्रोन पडला म्हणून फोन फार कमी येतो. कारण १० लिटरचं मशीन आता एकदा मॅप काढून दिला की आपलं आपण पट्टे मारत जातं, दहावी पास पोरगा आठवड्याभराचं ट्रेनिंग करून, डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतूक खात्याचं, सर्टिफिकेट घेऊन सहज उभा राहतो. पण टाकीत काय गेलंय हे मशीनला कळत नाही, ते आपल्यालाच कळायला पाहिजे, आणि नेमकी तिथंच सगळ्यांना घाई.

पंपाचा हिशोब ड्रोनला लावणे

ही चूक मी एवढ्या वेळा बघितलीय की आता राग पण येत नाही. आपल्याकडे शेतकरी औषध एकरावर सांगत नाही, पंपावर सांगतो. मागं एका नव्या पोराचा फोन आला, तूर फुलोऱ्यात, अळी जोरात, त्यानं क्लोरँट्रानिलीप्रोल मारलं होतं आणि चार दिवसांनी अळ्या आरामात शेंगा पोखरत होत्या. गावात बोंब की ड्रोनला रिझल्ट नाही. मी विचारलं किती टाकलं? म्हणे मालक बोलले पंपाला ६ मिली, मी टाकीला ६ मिली टाकलं.

आता हे बघा. पाठीवरचा पंप १५ लिटरचा, एकराला साधारण दहा पंप लागतात, म्हणजे ६ गुणिले १० झाले ६० मिली, आणि त्या औषधाचा तुरीचा एकरी डोस तेवढाच आहे. ड्रोनची १० लिटरची एक टाकी म्हणजेच एक एकर. म्हणजे त्या एका टाकीत ६० मिली जायला पाहिजे होतं. पोरानं एक दशांश डोस मारला, अळीला नाश्ता झाला. पाणी कमी होतं, औषध कमी होत नाही, एवढंच लक्षात ठेवायचंय. मी मालकाला "पंपाला किती" विचारतच नाही, डबा हातात घेतो, लेबलवर हेक्टरी आकडा बघतो, त्याला अडीचनं भागतो. आणि झाकणानं मोजत नाही. दहा रुपयांचा मोजायचा ग्लास मिळतो तो घ्या ना, लाखांचं मशीन घेतलंय.

पण हाच हिशोब विद्राव्य खताला लावला की उलटा मार बसतो. मालक म्हणतो त्यातच १९:१९:१९ पण टाका, पंपाला १०० ग्रॅम. दहा पंपांचं म्हणजे १ किलो, ते १० लिटरमध्ये टाकलं तर दहा टक्क्यांचं द्रावण झालं, पानांच्या कडा करपणारच. मी सरळ नाही म्हणतो. मालक नाराज होतो, होऊ दे.

दुसऱ्याची बादली

ही माझी स्वतःची, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑगस्टचा शेवट, परभणीकडं कापसावर रसशोषक किडीचं काम होतं, चार एकर. माझं कालवायचं भांडं त्या दिवशी दुसऱ्या टीमकडं राहिलं. शेताचे मालक, काका, म्हणाले आमच्या कोठ्यात बादली आहे की, घ्या. निळी प्लास्टिकची बादली, मी आत बघितलं, कोरडी होती, एकदा पाणी फिरवलं आणि लागलो कामाला. चार टाक्या मारल्या, पैसे घेतले, चहा पिऊन निघालो.

आठवड्यानं काकांचा फोन. "पोरा, कापसाला भेंडीची पानं आलीत." मला पहिल्यांदा चेष्टा वाटली. जाऊन बघितलं तर खरंच, शेंड्याची नवीन पानं निमुळती, बोटांसारखी फाटलेली, शिरा एकमेकीला चिकटल्यासारख्या सरळ. मी म्हणालो शेजारच्या उसात कुणीतरी टू-फोर-डी तणनाशक मारलं असणार, वाऱ्यानं आलं. तसं असतं तर उसाच्या बांधाकडून जास्त आणि पुढं कमी होत जायला पाहिजे होतं. तसं नव्हतं. मी मोबाईलवर त्या दिवसाचा मॅप उघडला आणि पट्ट्या-पट्ट्यानं चालत गेलो. पहिल्या टाकीचा एकर सगळ्यात बेकार, दुसरा त्याच्यापेक्षा बरा, तिसऱ्यात शोधावं लागत होतं, चौथा स्वच्छ. बांधाशी काही संबंधच नाही, टाकीच्या नंबराशी संबंध. मग बादली आठवली. काकांना विचारलं त्यात आधी काय कालवलं होतं, काका गप्प, काकूच म्हणाल्या, "उसाचं तणनाशक कालवायला तीच असती की."

टू-फोर-डीच्या बाबतीत कापूस म्हणजे फारच नाजूक, बादलीच्या बुडाला वाळलेला थर पण पुरतो. त्यात ड्रोनचं पाणी कमी. झाड मरत नाही, महिनाभरानं नवीन फूट नीट येते, पण लागलेली पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळतात आणि तो बहर गेला तो गेला. कुणी म्हणालं गुळाचं पाणी मारा, कुणी म्हणालं युरिया, काका सगळं करून बसले. मी फवारणीचे पैसे परत दिले, वर नुकसानीचे काही दिले, आणि त्या गावात पुढचं वर्षभर काम मिळालं नाही.

तेव्हापासून माझी दोन भांडी, मोजायचा ग्लास, कालवायची काठी आणि गाळायचं फडकं गाडीतच असतं, आणि भांड्यावर ऑइल पेंटनं "फक्त ड्रोन" लिहिलंय. कोठ्यातली बादली कितीही चकचकीत असू दे, मी हात लावत नाही. दिवस संपला की टाकी, पाइप, नोझल सगळ्यातून तीनदा पाणी काढतो, एकदा नाही. "एकदा फिरवलं, झालं" म्हणणारा पोरगा माझ्याकडं दुसऱ्या दिवशी येत नाही.

तारा

मॅप मोबाईलवर बसल्या जागी काढायचा आणि उडवायचं, ही नव्यांची आवडती आळशीगिरी. सॅटेलाइट फोटोत विजेच्या खांबाचा ताण, म्हणजे त्याला तिरकी बांधलेली तार, दिसत नाही. वेलीनं झाकलेला ताण तर उभं राहून पण दिसत नाही. पुढच्या रडारला झाड कळतं, बारीक तार कळेलच असं नाही. पिकाच्या वर दोन-अडीच मीटरनं उडायचं म्हणजे सगळ्या तारा आपल्याच वाटेत. १९२१ साली अमेरिकेत ओहायोमध्ये विमानातून पहिली औषध धुरळणी झाली, तिकडं आजही त्या पायलटांना तारेचीच भीती. मी चपला झाडत सगळा बांध फिरतो, मालकाला सोबत घेऊन, जमलं तर घरातल्या म्हाताऱ्याला, कारण कुठं जुना खांब, कुठं रानडुकरासाठी झटक्याची तार, हे त्यालाच माहीत असतं. पंधरा मिनिटं जातात. हात मोडला की आठ दिवस जातात (ड्रोनचा हात म्हणतोय, तुमचा नाही).

औषध कालवणारा

ड्रोनमुळं पायलट फवाऱ्यापासून लांब राहतो हे खरं, पण बादलीशी जो बसलाय तो दहा-पंधरा पट घट्ट औषधात हात घालतोय. २०१७ ला यवतमाळला कापसाच्या फवारणीत विषबाधेनं वीसवर माणसं गेली, विसरू नका. ग्लोव्हज आणि मास्क मी हेल्परला आधी देतो, मग बादली. हातानं ढवळताना दिसला तर त्या दिवसाचं काम बंद. आणि पाच-सहा औषधं एकत्र करायचा हट्ट असेल तर आधी पाण्याच्या बाटलीत थोडं थोडं कालवून अर्धा तास ठेवा. ताक फाटल्यासारखं झालं तर टाकीत पण तसंच होणार, फक्त ते नोझल उघडल्यावर कळणार. पावडर आधी, तेलकट नंतर, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं) सगळ्यात शेवटी.

बाकीच्या

वारा ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की थांबा. मी काठीला फीत बांधतो, ॲपवर विश्वास नाही. शेजारी तुती आहे का विचारा, जालना-बीडकडं बरेच जण रेशीम करतात, तुमचा फवारा तुतीवर गेला की ती पानं खाणाऱ्या रेशीम अळ्यांची अख्खी बॅच जाते. फुलोऱ्यात संध्याकाळीच मारा, मधमाश्या घरी गेल्यावर.

कंपास पत्र्याच्या शेडजवळ, ट्रॅक्टरजवळ कॅलिब्रेट करू नका.

विहिरीचं पाणी फडक्यातून गाळा. शेवाळाचा एक धागा नोझलला बसला की अख्खा पट्टा कोरडा, आणि तो आठ दिवसांनी दिसतो.

बॅटरी उतरवल्या उतरवल्या चार्जिंगला लावू नका, सावलीत गार होऊ द्या. सेल साडेतीन व्होल्टच्या खाली नेऊन "अजून अर्धा एकर होईल" म्हणणाऱ्यांच्याच बॅटऱ्या फुगतात. सीझन संपल्यावर फुल चार्ज ठेवू नका, सेलला ३.८ च्या आसपास ठेवा. एकानं सहा बॅटऱ्या फुल करून दोन महिने पत्र्याखाली ठेवल्या होत्या, उघडल्या तेव्हा पापडासारख्या झाल्या होत्या.

काही बिघडलंच तर फोन करा, पण पानाचा वरून एकच फोटो पाठवू नका, खालून पण काढा, औषधाच्या डब्याचं लेबल पाठवा, आणि बादलीचा पण फोटो टाका.