इंदूरच्या ग्रुप होममध्ये नव्याने काम करताना

ग्रुप होममध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमता, ऑटिझम असलेली प्रौढ माणसं जिथे एकत्र राहतात त्या घरात, कामाला नव्याने येणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात रहिवाशांचा वरणभात कालवून द्यायला लागतात. माया खरी असते, पण ही मोठी माणसं आहेत. चाळिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणू नका, दादा म्हणा. आणि जे त्यांना जमतं किंवा जमू शकेल, ते काम हातातून काढून घेऊ नका.

शिकवायला इंदूरमध्ये सगळ्यात सोयीचं काम म्हणजे कचरा. गाडी रोज गाणं वाजवत येते, ओला-सुका वेगळा द्यावाच लागतो. कामाच्या पायऱ्या पाडा: गाणं ऐकू येताच उठणं, चपला घालणं, ओल्या कचऱ्याची बादली उचलणं, फाटकापर्यंत नेणं, गाडीत ओतणं. शिकवायला सुरुवात मात्र शेवटून करा. आधीच्या पायऱ्यांना तुमचा हात, ओतणं त्यांचं एकट्याचं. ते पक्कं झालं की त्याआधीची पायरीही त्यांच्यावर सोडा. असं केल्याने काम तडीस नेल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून मिळतो. मदतही उतरती ठेवा: हाताला हात, मग कोपराला स्पर्श, मग नुसती खूण. ‘उचला, चला, ओता’ असं सतत बोलू नका. त्याची सवय लागली की माणूस सांगितल्याशिवाय हलत नाही, आणि ही सवय सोडवणं फार जड जातं. खूण करण्याआधी मनात पाचपर्यंत मोजा. नवखे इथेच घाई करतात.

कुणी अचानक चावायला, डोकं आपटायला लागलं तर आधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासा. बोलता न येणारा माणूस दुखणं असंही सांगतो. दुखणं नसेल तर वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्यांनी काय केलं, नंतर आपण काय केलं. रंगपंचमीला गेरचा, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीचा, गोंगाट कुणाला सोसत नसेल, तर त्या दिवसाची सोय आधीच ठरवा.

औषधांच्या तक्त्यावर सही करायची ती रहिवाशाने गोळी गिळल्यावरच. फिटची गोळी चुकली की झटक्याचा धोका वाढतो. झटका आला तर घड्याळ बघा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट हॉस्पिटल.

प्रत्येकाची फाइलही बघून ठेवा. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. नूतनीकरणाची तारीख फाइलच्या पहिल्या पानावरच लिहा.