सोलरच्या अर्थिंगमध्ये या चुका टाळा

छतावर सोलर बसवायचं म्हटलं की गिऱ्हाईक पॅनलची कंपनी विचारतं, वॉरंटी विचारतं, सबसिडी कधी येणार हे तर रोज विचारतं. अर्थिंगबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मग बसवणाराही शेवटच्या संध्याकाळी उरलेल्या वायरीत ते उरकून टाकतो. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, पण ते उघडून बघायला वेळ कोणाला?

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक तीन खड्ड्यांची. डीसीचा (पॅनलच्या बाजूचा) एक, एसीचा (घराच्या बाजूचा) एक, लायटनिंग अरेस्टरचा, म्हणजे पडणारी वीज झेलणाऱ्या छतावरच्या सळईचा एक, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हे तिन्ही खड्डे जमिनीखाली एकमेकांपासून तुटकच राहिले पाहिजेत, असा अर्थ लोक कुठून काढतात देव जाणे. वीज पडली आणि १० हजार अँपिअर ५ ओहमच्या खड्ड्यात गेले, तर त्या खड्ड्याचा दाब ५० हजार व्होल्टवर चढतो. शेजारचे दोन खड्डे मात्र जवळपास शून्यावर. हा फरक कुठून तरी वाट काढणारच.

कराडकडच्या एका बंगल्यावर हेच झालं. खड्डे सुरेख बांधलेले, झाकणांना रंग दिलेला, रिपोर्टवर तिन्ही खड्ड्यांचा रोध पाच ओहमच्या आत. वळवाच्या पावसात वीज अरेस्टरवर पडली आणि इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसीची एसी करणारं यंत्र), टीव्ही, राउटर सगळं एका दमात गेलं. बसवणाऱ्याचं म्हणणं, ‘वीजच मोठी होती, त्याला कोण काय करणार?’ वर जाऊन पाहिलं तर अरेस्टरची जमिनीत उतरणारी पट्टी स्ट्रक्चरपासून, म्हणजे पॅनलच्या लोखंडी सांगाड्यापासून, जेमतेम हातभर लांब, आणि स्ट्रक्चरच्या पायावर ठिणगीचा काळा डाग. वीज तिथून स्ट्रक्चरवर उडाली, डीसीच्या अर्थवायरीत शिरली आणि एसीचा खड्डा गाठायला इन्व्हर्टरमधून गेली. अरेस्टरनं त्याचं काम चोख केलं होतं.

खड्डे तीनच खणा. अरेस्टरची पट्टी बाहेरून, सरळ, वेगळीच उतरवा. पण जमिनीपाशी तिन्ही खड्डे २५ बाय ३ मिलिमीटरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पट्टीनं जोडा आणि मध्ये उघडता येणारी लिंक ठेवा, म्हणजे प्रत्येक खड्डा सुटा करून मोजता येतो. आयईसी ६२३०५ हे वीज पडण्यापासून संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय मानकही खड्डे जोडायलाच सांगतं. तपासणीला आलेले साहेब हुज्जत घालणार हे धरून मी ते पान आधीच छापून ठेवतो. तरीही ऐकलं नाही, तर अरेस्टरचा खड्डा निदान आयसोलेटिंग स्पार्क गॅपमधून जोडा; तो एरवी तुटक असतो, वीज पडली की तेवढ्यापुरता जोडला जातो.

दुसरी चीड बल्बची. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायचा, पेटला की ‘अर्थिंग एक नंबर’. अरे, त्या बल्बचाच रोध पाचशे ओहमच्या वर. खड्डा ५० ओहमचा असला तरी तो झकास पेटेल. वर अर्थवायर कुठे तुटलेली असली तर बल्ब पेटत नाही आणि बल्बाकडच्या तुकड्याला जोडलेल्या सगळ्या लोखंडात २३० व्होल्ट येऊन बसतात. अर्थ टेस्टर आणा, खुंट्या ठोका, आणि शक्य असेल तर मे महिन्यात मोजा. ऑगस्टच्या चिखलात कुठलाही खड्डा पास होतो. खरी परीक्षा मुरूम आणि काळा पाषाण कोरडा पडला की. अर्धा तास वाचवायला बल्ब लावणाऱ्याला मी जिना चढू देत नाही.

पॅनलच्या फ्रेमवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. नुसता क्लँप आवळला म्हणून फ्रेम अर्थ होत नाही. अर्थचं चिन्ह असलेल्या भोकातच बोल्ट लावा, दातेरी वॉशरसह. उघडं तांबं थेट अॅल्युमिनियमवर नको, कलई केलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची टिकली) वापरा. कोकणात तर दोन पावसाळ्यांत सांधा पिठासारखा होतो.

एका फ्रेमवरून दुसरीवर उड्या मारत वायर नेऊ नका. मधलं एक पॅनल दुरुस्तीला काढलं की पुढची सगळी रांग अर्थविना.

अमेरिकन व्हिडिओ बघून डीसीचा निगेटिव्ह अर्थ करू नका. आपल्याकडचे बहुतेक इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरविना असतात. सकाळी सुरू होतानाच इन्सुलेशनचा एरर देतील. अर्थ करायचं ते फ्रेम, स्ट्रक्चर आणि इन्व्हर्टरची बॉडी.

मिठाच्या गोण्या ओतू नका, पाइप खातं.

न्यूट्रलला अर्थ समजून जोडणाऱ्याशी मी बोलतच नाही.

आणि खड्ड्याचा आकडा पाच ओहमच्या आत आला म्हणून निर्धास्त झोपू नका. फेज बॉडीला टेकली तर अर्थमधून जाणार २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर, तेही ट्रान्सफॉर्मरकडचा रोध धरला नाही तर. ३२ अँपिअरच्या एमसीबीला (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) एवढ्यावर पडायला तासभरही लागू शकतो. इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रकारची आरसीसीबी, म्हणजे थोडीशी गळती झाली तरी वीज तोडणारा स्विच, लावा आणि तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा घरच्यांनाच दाबायला सांगा.