‘चौघीजणी’ वाचल्यावर प्रतिसाद कसा लिहावा

लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी अनेक मराठी वाचकांना शान्ता शेळके यांच्या ‘चौघीजणी’ या अनुवादातून परिचित आहे. ठाण्यातल्या एखाद्या वाचकगटात तिच्याविषयी लिहून आणायचे ठरले, की बहुतेक जण मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणींची स्वभाववर्णने करतात, आपण स्वतः ज्योसारखे आहोत असे जाहीर करतात आणि थांबतात. (एमी मात्र कोणालाच व्हायचे नसते.) अशा लेखनातून लिहिणाऱ्याची ओळख थोडीफार होते, कादंबरीची होत नाही. म्हणून आपले या पुस्तकाशी कोठे पटले नाही, तेथूनच प्रतिसादाला सुरुवात करावी.

त्यासाठी वाचतानाच थोडी शिस्त लागते. संक्षिप्त बालआवृत्ती टाळून पूर्ण पाठ मिळवावा. प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या, १८९३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाची असेल, तर समासात पेन्सिल न चालवता पृष्ठक्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या ठेवाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ कादंबरी दोन भागांत, १८६८ आणि १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली, हे ध्यानात ठेवून मेगचे लग्न ठरते तेथे, म्हणजे मूळ पुस्तकातील तेविसाव्या प्रकरणाअखेर, थांबावे आणि पुढे काय व्हावे असे आपल्याला वाटते ते लिहून काढावे. पहिल्या वाचकांनाही तेथेच थांबावे लागले होते. या मुलींची लग्ने कोणाशी होणार, अशी विचारणा करणारी पत्रे त्यांनी अल्कॉटना पाठवली. कोणाला खूश करण्यासाठी आपण ज्योचे लग्न तिचा शेजारी आणि मित्र लॉरी याच्याशी लावणार नाही, असे अल्कॉटनी दैनंदिनीत नोंदवले आहे. दुसऱ्या भागात ज्यो वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या प्राध्यापक बेअर यांच्याशी लग्न करते, तेव्हा आपली नोंद समोर ठेवावी आणि आपला हिरमोड नेमका कशामुळे झाला ते तपासावे : लॉरी हातचा गेला म्हणून, की ज्योने लग्न केले म्हणून? या दोन तक्रारी अगदी वेगळ्या आहेत आणि बहुतेक प्रतिसादांत त्यांची सरमिसळ होते.

यानंतर संपूर्ण कथानक न सांगता एकच प्रसंग निवडावा. उदाहरणार्थ, नाटकाला बरोबर नेले नाही म्हणून एमी ज्योचे हस्तलिखित जाळून टाकते. ज्यो तिला क्षमा करत नाही. नदीवरचा बर्फ मध्यभागी कच्चा असल्याचा लॉरीचा इशारा ती ऐकते, पण मागून येणाऱ्या एमीपर्यंत पोहोचवत नाही, आणि एमी पाण्यात पडते. येथे वाचकाची बाजू दोनदा बदलते, आणि ती कोणत्या वाक्याशी बदलली हे दाखवणे हेच प्रतिसादाचे खरे काम होय. कित्येक वर्षांचे लेखन जाळणाऱ्या मुलीऐवजी रागावलेल्या मुलीलाच पश्चात्ताप का करावा लागतो, असा प्रश्न मला स्वतःला या प्रकरणात फार खटकतो. मात्र तो विचारणाऱ्याने पुढचा संवादही नीट वाचला पाहिजे. त्यात आई ज्योला सांगते, की आपल्यालाही जवळजवळ रोज राग येतो, फक्त तो दिसू न देण्यास आपण शिकलो आहोत. हे बोलणे कोणाला आधाराचे वाटेल, कोणाला घुसमटीचे. आपल्याला काय वाटले ते कारणासह लिहावे.

लेखिकेचे चरित्र बेताने वापरावे. अल्कॉट स्वतः चार बहिणींपैकी एक होत्या, बेथचे पात्र जिच्यावरून घेतले ती त्यांची बहीण एलिझाबेथ १८५८ मध्ये वारली आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या. यांतली जी माहिती आपल्या मुद्द्याला उपयोगी पडेल तेवढीच द्यावी. बेथविषयी लिहायचे नसेल, तर एलिझाबेथचा उल्लेखही नको. आपल्या घरातल्या बहिणींची आठवण द्यायची असल्यास एखादीच द्यावी, आणि ती निवडलेल्या प्रसंगावर काही प्रकाश टाकते का, ते आधी पाहावे.

मसुदा झाल्यावर गटातल्या सर्वांनी पुस्तक वाचले आहे का, हे विचारून घ्यावे. वाचले असेल तर कथासार सांगणारा परिच्छेद सरळ काढून टाकावा. वाचले नसेल, तर प्रसंग समजण्यापुरती दोन-तीन वाक्ये ठेवावीत आणि दुसऱ्या भागातली लग्ने उघड करू नयेत.