फोटोच्या मेटाडेटातली अनोळखी अक्षरमाळ आणि रंगाचं प्रोफाइल कसं ओळखावं

फोटोची माहिती (मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत फाइलीत साठवलेल्या नोंदी) उघडली की कॅमेरा, लेन्स, तारीख यांच्या खाली कधी कधी अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ दिसते आणि रंगाच्या रकान्यात ‘अनकॅलिब्रेटेड’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ पाहून फोटोत काहीतरी दडवलंय अशी शंका येते, तो शब्द पाहून फोटो बिघडलाय अशी. बहुतेक वेळा दोन्ही शंका फोल ठरतात.

आधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो पुन्हा दाबून लहान केला जातो आणि त्यातली एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फाइलीत लिहिलेल्या नोंदी) जाते, म्हणून समोरच्याला ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मग तिची एक प्रत काढून त्या प्रतीवरच काम करा.

मेटाडेटा वाचायला फिल हार्वी यांचं एक्झिफटूल हे आदेश टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर वापरा. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आदेशात ‘डॅश ए’ आणि ‘डॅश जी१’ हे दोन पर्याय जरूर घाला. पहिल्याने दुबार नोंदीही दिसतात आणि दुसऱ्याने कोणती नोंद फाइलच्या कुठल्या भागातून आली ते कळतं. घरचे फोटो अनोळखी ऑनलाइन साइटवर चढवून हे काम करू नये. त्यांत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात.

आता अक्षरमाळ. ती शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्याच चिन्हांची असेल तर अक्षरं मोजा. तो हॅश, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, असू शकतो: ३२ असतील तर एमडी५, ४० असतील तर शा-१, ६४ असतील तर शा-२५६ या प्रकारचा. मधे डॅश घालून ८-४-४-४-१२ असे तुकडे पडत असतील तर तो हॅश नव्हे, यूयूआयडी (एखाद्या गोष्टीला दिलेला एकमेव ओळखक्रमांक) आहे. त्यातला तिसरा तुकडा ४ ने सुरू होत असेल तर तो आकडा यादृच्छिकपणे तयार झालाय, १ ने होत असेल तर वेळेवरून. शेवटी बरोबरचं चिन्ह आणि मधे लहान-मोठी अक्षरं मिसळलेली दिसली तर बेस६४ (अक्षरांच्या रूपात लिहिलेला डेटा) समजा.

पण लांबीवर विसंबू नका. यूयूआयडीतले डॅश काढले की तीही ३२ अक्षरंच उरतात! ‘हॅश ओळखा’ म्हणणारी साधनं फक्त लांबी बघून अंदाज बांधतात. खरं उत्तर शेजारच्या रकान्याच्या नावात असतं.

नाव ‘डॉक्युमेंट आयडी’ किंवा ‘इन्स्टन्स आयडी’ असेल तर ती एक्सएमपीमधली (अ‍ॅडोबीच्या मेटाडेटा पद्धतीतली) ओळख आहे, बहुधा फोटोशॉप किंवा लाइटरूमने दिलेली. दोन फाइलींचा ‘ओरिजिनल डॉक्युमेंट आयडी’ सारखा निघाला तर दोन्ही एकाच मूळ फाइलीतून आल्याची दाट शक्यता. आयफोनच्या फोटोत ‘कंटेंट आयडेंटिफायर’ दिसला तर तो लाइव्ह फोटोचं चित्र आणि त्याचा छोटा व्हिडिओ यांची जोडी जुळवण्यासाठी असतो. ‘स्पेशल इन्स्ट्रक्शन्स’मध्ये ‘एफबीएमडी’ने सुरू होणारी माळ आली तर फोटो बहुतेक फेसबुकवरून फिरून आलाय. त्यावरून तो कोणी चढवला हे तुम्हाआम्हाला कळत नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो.

‘आयपीटीसी डायजेस्ट’ मात्र खरोखर एमडी५ आहे, आणि तो तपासून पाहता येतो. एक्झिफटूल त्याच्याजवळच ‘करंट आयपीटीसी डायजेस्ट’ मोजून दाखवतं. दोन्ही जुळले नाहीत तर पहिला लिहिला गेल्यानंतर मथळा, श्रेय वगैरे आयपीटीसी मजकुरात दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरने फेरफार केलाय. चित्रात फेरफार झालाय असा त्याचा अर्थ होत नाही. मुळात संपूर्ण फाइलीचा हॅश त्याच फाइलीत लिहून ठेवता येत नाही, कारण लिहिला की फाइल बदलते आणि हॅशही. म्हणून मेटाडेटात सापडलेला हॅश हा नेहमी कुठल्या तरी भागाचा, नाहीतर दुसऱ्या फाइलीचा.

आयसीसी विभागातला ‘प्रोफाइल आयडी’ही असाच: तो रंगाच्या प्रोफाइलचा (पिक्सेलच्या आकड्यांचा नेमका रंग कोणता हे सांगणाऱ्या माहितीचा) एमडी५ असतो. प्रोफाइल एकच असेल तर हजार वेगवेगळ्या फोटोंत तो सारखाच निघेल. शून्य दिसला तर तो मोजून लिहिलेलाच नाही, एवढंच.

आता रंग. एक्झिफमधल्या ‘कलर स्पेस’मध्ये १ म्हणजे एसआरजीबी (पडद्यांसाठीचा नेहमीचा रंगसंच), ६५५३५ म्हणजे अनकॅलिब्रेटेड. दुसऱ्याचा अर्थ फक्त ‘एसआरजीबी नाही, पुढे बघा’. पुढे म्हणजे आयसीसी विभागातल्या ‘प्रोफाइल डिस्क्रिप्शन’मध्ये. आयफोनच्या फोटोत तिथे बहुधा ‘डिस्प्ले पी३’ सापडेल. ‘सी२’ एवढंच त्रोटक नाव आणि कॉपीराइटमध्ये ‘एफबी’ असेल तर ते फेसबुकचं जागा वाचवण्यासाठी बारीक केलेलं एसआरजीबी. आयसीसी विभागच नसेल तर ‘इंटरऑप इंडेक्स’ बघा: आर९८ म्हणजे एसआरजीबी, आर०३ म्हणजे अ‍ॅडोबी आरजीबी (त्याहून जास्त रंगांचा संच). बऱ्याच कॅमेऱ्यांत अ‍ॅडोबी आरजीबी निवडलं की फाइलीचं नावच अंडरस्कोरने सुरू होतं. यातलं काहीच हाती लागलं नाही तर एसआरजीबी धरून चाला.

अंदाज बरोबर आहे का, हे डोळ्यांनीही पडताळता येतं. अ‍ॅडोबी आरजीबीचा फोटो एसआरजीबी समजून उघडला तर त्वचा आणि हिरवळ फिकट, मरगळलेली दिसते. उलट झालं तर रंग भडक होतात. दुरुस्ती करताना प्रोफाइल हरवलेल्या फोटोला आधी ‘असाइन’ने योग्य प्रोफाइल द्या, त्याने पिक्सेलचे आकडे बदलत नाहीत. मग ‘कन्व्हर्ट’ने हवं त्या प्रोफाइलमध्ये न्या, त्याने आकडे बदलतात आणि रंग दिसायला शक्य तितका तसाच राहतो. क्रम उलटला तर चुकीचे रंग आकड्यांतच पक्के होतात. छपाईला देत असाल तर सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) कन्व्हर्ट करण्याआधी प्रेसवाल्यांना त्यांचं प्रोफाइल विचारा.