जुन्या आरपीजीसाठी घरचा नियम कसा घडवावा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या टेबलावरची आरपीजीची, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायच्या खेळाची, मोहीम खानापूरच्या रानावर बेतलेल्या प्रदेशात शिरली आणि पहिल्याच संध्याकाळी हातातले नियम अपुरे पडले. कणकुंबीकडचा पाऊस ज्याने एकदा अंगावर घेतला आहे, त्याला तिथे उघड्यावर मशाल तासभर निर्धास्त जळते हे पटणे शक्य नाही. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्सची १९८१ सालची बेसिक आवृत्ती खेळतो. तिच्यात मशाल सहा टर्न, म्हणजे दहा-दहा मिनिटांचे सहा टप्पे जळते. पण तो हिशेब जमिनीखालच्या भुयारांसाठी मांडलेला आहे आणि पावसाशी त्याचे काही देणेघेणे नाही. या अडचणीतून जो नियम तयार झाला, तो कसा घडला आणि वाटेत काय चुकले हे इथे सविस्तर मांडतो, कारण घरचा नियम, म्हणजे पुस्तकाबाहेरचा आपणच केलेला नियम, घडवण्याची रीत एखाद्या खऱ्या नियमावरूनच नीट समजते.

जुन्या खेळांत अशी भर घालणे म्हणजे मूळ खेळाशी प्रतारणा नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली याच खेळाच्या ज्या तीन छोट्या पुस्तिका आणल्या, त्यांत कितीतरी जागा मोकळ्या होत्या आणि प्रत्येक टेबलाने त्या आपापल्या परीने भरल्या. या खेळांची बांधणीही त्याला सोयीची आहे: उजेड, ओझे, समोरच्याची प्रतिक्रिया, मनोधैर्य यांचे नियम बरेचसे सुटे असतात, त्यामुळे एक उघडून दुरुस्त करताना बाकीचे सहसा कोसळत नाहीत. सहसा म्हणतो, कारण आमच्याकडून एक कोसळलाच. ते पुढे येईल.

लेखणी उचलण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या नियमामुळे खेळाडू कोणता निर्णय वेगळा घेईल? पावसाच्या बाबतीत उत्तर स्पष्ट होते. पुस्तकातल्या दरांप्रमाणे सहा मशाली एका सुवर्णमुद्रेला मिळतात, कंदिलाला दहा मुद्रा पडतात आणि चोवीस टर्न पुरणाऱ्या तेलाच्या कुपीला दोन. नुसत्या पैशाच्या हिशेबात मशालच सरस ठरते, म्हणून आमच्याकडे कंदील कोणी विकत घेतच नसे. पाऊस मशालीला मारक आणि कंदिलाला निरुपद्रवी ठरला, तर बाजारात थांबून विचार करावा लागेल आणि रानात पुढे जायचे की आडोसा शोधायचा हा वादही रंगेल. ज्या नियमातून असा एकही निर्णय निघत नाही, तो कितीही खरा वाटला तरी लिहू नये.

पहिला मसुदा मी फार हौसेने केला. पावसाचे तीन प्रकार, वाऱ्याचा वेग, टक्केवारीचे फासे आणि सगळ्याचा मिळून एक तक्ता. प्रत्येक टर्नला तो तक्ता उघडावा लागे आणि तेवढ्यात टेबलावरचे बोलणे थांबे. दोन बैठकींत तो गुंडाळला. दुसरा मसुदा एका ओळीचा होता: पावसात दर टर्नला सहा बाजूंचा फासा टाकावा, एक आला तर मशाल विझते. अशी मशाल पूर्ण तास टिकण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के, म्हणजे तिनातल्या दोन मध्येच जाणार. घाटातल्या पावसाला हे शोभण्यासारखे होते.

चूक झाली ती पुढे. फासे कमी टाकावे लागावेत म्हणून मी त्याच फाशावर भटक्या प्राण्यांची तपासणी, म्हणजे वाटेत अचानक कोणी समोर येते का हे पाहणारी फेकही बसवली: एकला मशाल, सहाला गाठ. मूळ नियमात ही तपासणी दोन टर्नांतून एकदा होते, आम्ही ती दर टर्नला करू लागलो. परिणामी तासाभरात निदान एकदा कोणीतरी समोर येण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेली. खेळाडू अर्ध्या वाटेवरून परतू लागले आणि आम्ही बरेच दिवस पावसालाच दोष देत राहिलो. तेव्हापासून कोणताही नियम जोडताना मी आधी कागदावर दोन्ही शक्यता मांडून पाहतो. पाच भागिले सहा हा अपूर्णांक स्वतःशीच गुणत जाण्यापलीकडे त्यात काही गणित नाही.

एका बैठकीत एका खेळाडूने विचारले, "मशालीवर इरलं धरलं तर चालेल की नाही?" भातलावणीच्या दिवसांत खानापूरकडे इरली, म्हणजे पावसात डोक्यावर घ्यायची पानांची आच्छादने, पाहिलेली, त्यामुळे नाही म्हणणे शक्यच नव्हते. चालेल, पण एका हातात मशाल आणि दुसऱ्यात इरले, म्हणजे ढाल नाही आणि तलवारही नाही, असा निकाल दिला. हा निकाल मी मुद्दाम कागदावर चढवला नाही. सगळे लिहून टाकले की खेळाडू रान पाहायचे सोडून कागद पाहू लागतात. त्यांच्या अकलेला वाव राहील इतकी जागा नियमात सोडावीच.

आकड्यांची अशीच काळजी भाषेच्या नियमात घ्यावी लागली. आमच्या भागात बाजारात समोरच्याच्या भाषेत दोन शब्द बोललो की चेहरा बदलतो, हे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतल्या खेळाडूंना सांगावे लागले नाही. म्हणून समोरच्याच्या भाषेत अभिवादन केल्यास प्रतिक्रियेच्या फेकीत एक मिळवायचा ठरला. प्रतिक्रिया दोन फाशांच्या बेरजेवर ठरते आणि नऊ किंवा अधिक आल्यास समोरचा हल्ला करत नाही. ही शक्यता ३६ पैकी १० आहे, एक मिळवल्यावर ती १५ होते. दोन मिळवावेत असा काहींचा आग्रह होता. पण पात्राचे व्यक्तिमत्त्व प्रभावी असेल, तर त्या गुणाचे जास्तीत जास्त दोन आधीच मिळू शकतात. त्यात आणखी दोन आले की शक्यता ३६ पैकी ३० होते आणि फेकीत धाकधूक उरत नाही.

नवा नियम चालू लढाईत कधीही आणू नये; बैठकीपूर्वी वाचून दाखवावा, तीन बैठकींपुरता लावावा आणि मग सर्वांच्या संमतीने ठेवावा किंवा खोडावा. आम्ही तो मराठीत वाचतो आणि मग कोणीतरी कन्नडमध्ये सांगतो. सांगणारा जिथे अडखळतो, तिथे बहुतेक वेळा माझे वाक्यच संदिग्ध असते. त्या चाळणीतून निघालेला पावसाचा नियम आज एका पोस्टकार्डावर असा आहे: "उघड्यावर पाऊस असताना दर दोन टर्नांनी एक फासा टाकावा. एक आल्यास हातातल्या सर्व मशाली विझतात आणि आडोशाला विस्तवाजवळ एक टर्न सुकवल्याशिवाय पेटत नाहीत. सहा आल्यास कोणीतरी भेटते. झाकलेल्या कंदिलाला पाऊस लागत नाही."