बागेत लावायचं चिमणीचं लाकडी घरटं कसं निवडाल?

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत तुळई आणि भिंत यांच्या फटीत चिमण्या सर्रास घरटी करायच्या. स्लॅबच्या घरात ती फटच उरली नाही, म्हणून लाकडी पेटी लावायची वेळ आली. दुकानात गेल्यावर रंगरूप नंतर बघा, आधी भोक मोजा.

चिमणीला सव्वा इंच, म्हणजे ३२ मिमी भोक पुरतं. टेप नसेल तर दहा रुपयांचं नाणं (२७ मिमी) भोकाच्या मधोमध धरा. चहूबाजूंनी जेमतेम अडीच मिमी फट दिसली की माप बरोबर. दोन इंची भोकातून साळुंकी शिरते आणि चिमणीला हुसकावते. भोक मोठंच निघालं तर सव्वा इंची भोक पाडलेली फळी त्यावर स्क्रूने बसवून घ्या. दयाळ यावा असं वाटत असेल तर मात्र दोन इंचीच ठीक. बुलबुल, शिंपी, शिंजीर पेटीत राहायला येतच नाहीत, विकणारा काही म्हणो.

तळ ५ बाय ५ इंच, भोक तळापासून ५-६ इंच वर. भोकाखालची दांडी काढून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याची मात्र सोय होते.

आपल्याकडे खरा वैरी ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पातळ प्लायची किंवा पत्र्याच्या छपराची पेटी म्हणजे पिलांसाठी भट्टीच. फळी पाऊण इंच जाड हवी. कडुलिंब किंवा जुनं सागवान उत्तम. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) पावसात फुगतो. छपराखाली दोन्ही बाजूंना दोन सुतांची (पाव इंची) भोकं हवेसाठी, तळाला चार पाणी निघायला. आतून रंग-पॉलिश नको: गुळगुळीत फळीवर नखं रुतत नाहीत, मग पिलांना भोकापर्यंत चढता येत नाही. एखादी बाजू स्क्रू काढून उघडायलाच हवी. त्याशिवाय जुनं गवत आणि त्यातल्या पिसवा कशा काढणार?

पेटी ८-१० फुटांवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेकडून दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही येतात. दोरीने टांगू नका, भिंतीला पक्की ठोका. मांजराला उडी मारता येईल अशी फांदी किंवा कठडा शेजारी नसावा. दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी चालतं, चिमण्यांना शेजार आवडतो.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही म्हणून जागा बदलत बसू नका. आणि चोचीत काडी घेऊन आत जाणारी चिमणी दिसली की पिलं उडेपर्यंत पेटी उघडायची नाही.