एका बटणावर दिवा आणि एक्झॉस्ट फॅन: या चुका टाळा

बाथरूमचा दिवा लावला की एक्झॉस्ट फॅनही सुरू व्हावा, ही मागणी अगदी रास्त आहे. वेगळं बटण असलं की फॅन लावायचा राहतो आणि पावसाळ्यात छताला बुरशी धरते. काम तसं छोटं: बटणातून निघालेला फेज (वीज आणणारी वायर) दोघांना द्यायचा, न्यूट्रलही (परतीची वायर) दोघांना द्यायचा.

तरी नेहमी दिसते ती सिरीज जोडणी. फेज दिव्यात, दिव्यातून निघालेली वायर फॅनमध्ये, तिथून न्यूट्रल. मग 230 व्होल्ट दोघांत वाटले जातात. दिवा लुकलुकतो, फॅन नुसता गुणगुणतो किंवा हलतच नाही, आणि घरचे फॅन जळाला समजून नवा घेऊन येतात. पैसे घालवण्याआधी वायर कुठून कुठे गेली आहे ते एकदा बघा.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतते. दिवा आणि फॅन आधी दोन बटणांवर, दोन वेगळ्या एमसीबींवर (जास्त करंट आला की आपोआप पडणारे स्विच) असतात. एक बटण काढून त्याची येणारी वायर दुसऱ्याच्या वरच्या टर्मिनलला आणि जाणारी खालच्या टर्मिनलला कोंबली, की दोन सर्किटचे फेज एक झाले. अशाच एका घरी मी दिव्याचा एमसीबी पाडून बोर्ड उघडला. सवयीने टेस्टर टेकवला, तर तो पेटला! फॅनच्या एमसीबीवरून वीज उलटी येत होती. थ्री-फेज घरात हे दोन वेगळे फेज निघाले तर एकमेकांना भिडताच जवळपास 400 व्होल्टचा शॉर्ट होतो. म्हणून फॅनचा जुना फेज मुळापासून सोडवायचा आणि फॅनला न्यूट्रलही दिव्याच्याच सर्किटचा द्यायचा. दोन सर्किटना वेगळे आरसीसीबी (वीज गळती ओळखून पडणारे स्विच) असतील आणि न्यूट्रल जुनाच राहिला, तर बटण दाबताक्षणी आरसीसीबी पडतो. तिथे दोष आरसीसीबीचा नसतो, तो बायपास करू नका.

काम करताना मेन बंद करा. टेस्टर मेन बंद करण्याआधीच चालू पॉइंटवर तपासून घ्या, मगच वायरीला लावा. हात बसलेला नसेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा.

बटणाची ताकदही बघा. 6 अँपिअरच्या बटणाला 9 वॉटचा दिवा आणि छोटा फॅन म्हणजे काहीच नाही. पण 2000 वॉटचा गीझर एकटाच पावणेनऊ अँपिअर ओढतो. तो या बटणावर घेतला तर प्लास्टिक पिवळं पडतं, जळका वास येतो. गीझरला स्वतंत्र लाइनच हवी.

फॅनला रेग्युलेटर असेल तर तो फॅनकडे जाणाऱ्या फाट्यातच बसवा, दोघांच्या आधी नको.

सगळं करूनही बटण बंद असताना एलईडी मंद पेटलेला दिसतो? बटणावर फेजऐवजी न्यूट्रल तर आलेला नाही ना, ते आधी बघा. तसं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज आहे. बल्ब बदलायला हात लावू नका. फेज बरोबर असेल आणि बटणात इंडिकेटर असेल, तर ती मंद चमक बहुधा त्याचीच.